पेण-रोह्याचा काळा पाषाण आणि अरबी समुद्राचा तळ

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालेल्या प्रवाशाला प्रथम कर्नाळ्याचा सुळका दिसतो. पुढे गणेशमूर्तींच्या कारखान्यांमुळे सर्वदूर माहीत झालेले पेण, मग वडखळ, नागोठणे, कोलाड असे करीत तो रोह्यास पोहोचतो. या वाटेवर रस्त्यासाठी कापलेला डोंगर पाहावा, जुन्या घराचे जोते पाहावे, देवळाची पायरी पाहावी अथवा शेताच्या बांधावरील धोंडा पाहावा. दगड सर्वत्र एकच, काळा पाषाण. तो इतका परिचयाचा आहे की त्याविषयी काही विचारावे असे कोणास वाटत नाही. मूर्तींची शाडू माती गुजरातेतून येते हे पेणच्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. पायाखालचा दगड कोठून आला हे मात्र मोठ्यांनाही सहसा सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी रोहे तालुक्यातील शिक्षकांच्या एका बैठकीस उपस्थित राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. भूगोल शिकविणाऱ्या एका गुरुजींनी तेथे प्रश्न केला, "भूपट्ट सरकतात हे पुस्तकात आहे. हिमालयाचा आणि जपानचा दाखला आम्ही देतो. पण मुले विचारतात, आपल्या गावचा दाखला कोणता? त्यांना काय सांगावे?" त्याच बैठकीस खारेपाटातील एक पंचायत सदस्य आले होते. त्यांचा प्रश्न अधिक रोखठोक होता. सुनामी आली तर आमचा बाहेरकाठा टिकेल काय, असे त्यांनी विचारले. लेखक कलाशाखेचा पदवीधर. त्या दिवशी दोन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. पुढे या विषयाचे वाचन आणि जाणकारांशी चर्चा केल्यावर ध्यानात आले की, दोन्ही उत्तरे एकाच ठिकाणी, म्हणजे आपल्यासमोरच्या अरबी समुद्राच्या तळाशी आहेत. भूपट्टांच्या सिद्धान्ताला ज्या पुराव्याने बळ मिळाले, त्यातील एक महत्त्वाचा पुरावाही याच समुद्राच्या तळावर सापडला. ही गोष्ट आपल्याकडे जितकी माहीत असावयास हवी तितकी नाही.

भूपट्ट म्हणजे काय?

पृथ्वीचे कवच आणि त्याखालील प्रावरणाचा वरचा कठीण थर मिळून सुमारे शंभर किलोमीटर जाडीचे एक आवरण होते. हे आवरण अखंड नाही. त्याचे सात मोठे आणि अनेक लहान तुकडे असून त्यांना भूपट्ट म्हणतात. खालच्या, अतिशय उष्ण आणि दाबाखाली हळूहळू वाहणाऱ्या थरावरून हे पट्ट सरकत असतात. भारताचा पट्ट आजमितीस वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर या गतीने ईशान्येकडे सरकत आहे. सत्तर वर्षे जगलेल्या माणसाच्या आयुष्यात त्याचे गाव साडेतीन मीटर, म्हणजे एका साध्या खोलीच्या लांबीइतके पुढे गेलेले असते.

दोन पट्ट एकमेकांपासून दूर जातात तेथे मधल्या भेगेतून शिलारस वर येतो, थिजतो आणि समुद्राचा नवा तळ तयार होतो. ते एकमेकांवर येतात तेथे एक पट्ट दुसऱ्याखाली जाऊन सागरी गर्ता तयार होते, किंवा दोन्ही खंडे असल्यास हिमालयासारखा पर्वत उचलला जातो. तिसरा प्रकार म्हणजे एकमेकांना घासून जाणे. भारताच्या पट्टाच्या सीमेवर हे तिन्ही प्रकार आहेत. उत्तरेस हिमालय, आग्नेयेस सुमात्रा-जावाजवळची गर्ता, पश्चिमेस अरबस्तानच्या पट्टाशी घासणारी ओवेन भेग आणि नैऋत्येस अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग पर्वतरांग. या शेवटच्या नावाकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

पाषाणाचा जन्म

आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट अथवा असिताश्म, हा थिजलेला लाव्हा होय. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून तो बाहेर पडला. चित्रात दाखवितात तसा शंकूच्या आकाराचा ज्वालामुखी येथे डोळ्यांपुढे आणू नये. पातळ लाव्हा पुराच्या पाण्याप्रमाणे पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा थर आला. दोन थरांमध्ये काही ठिकाणी जी लाल मातीची पट्टी दिसते ती मधल्या विश्रांतीच्या काळात हवा-पाण्याने झिजून तयार झालेली आहे. असे थरावर थर चढून आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश या पाषाणाने व्यापलेला आहे. कळसूबाईचे १,६४६ मीटर उंचीचे शिखर याच थरांचे बनलेले आहे. एवढ्या प्रचंड राशीतील बराचसा भाग सुमारे दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला, असे आजचे मोजमाप सांगते.

आश्चर्याची गोष्ट म्हणजे हा लाव्हा वाहिला त्या वेळी आपली भूमी आजच्या जागी नव्हती. ती विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. हिंदी महासागरात आज जेथे रियुनियन हे बेट आहे, तेथील प्रावरणातील उष्ण प्रवाहावरून भारताचा पट्ट जात असताना हा उद्रेक झाला, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात. या प्रवाहाचा वाटा नेमका किती, याविषयी मतभेद आहेत. परंतु नकाशावर लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही बेटे दक्षिणोत्तर एका ओळीत का आहेत, याचे उत्तर त्यातून मिळते. पट्ट उत्तरेकडे सरकत गेला आणि खालचा उष्ण प्रवाह त्याच्यावर डागण्या देत राहिला; त्या डागण्यांची ही ओळ होय. १९८७ साली या ओळीवर समुद्रतळ छेदून दगड काढण्यात आले, तेव्हा दक्षिणेकडे जावे तसतसा ज्वालामुखी दगड वयाने लहान होत जातो असे आढळले. रियुनियन बेटावरील ज्वालामुखी आजही जागृत आहे. पेणच्या पाषाणाचे हे सुमारे पाच हजार किलोमीटर दूरचे आजोळ म्हणावयास हरकत नाही.

उद्रेकानंतर लवकरच, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबाने वीस-तीस लाख वर्षांत, आणखी एक घटना घडली. भारताच्या पश्चिम कडेला लागून असलेला भूखंडाचा एक तुकडा तुटला आणि मध्ये समुद्र शिरला. तो तुकडा म्हणजे आजची सेशेल्स बेटे. खोल महासागराच्या मध्यभागी असूनही या बेटांवर ग्रॅनाइट आहे. महासागराचा तळ कधीच ग्रॅनाइटचा नसतो. ग्रॅनाइट ही भूखंडाची खूण आहे. आपण ज्याला कोकणचा किनारा म्हणतो ती त्या तुटीची एक कड होय, आणि दुसरी कड सेशेल्सला आहे. गुरुजींच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर झाले.

पेणहून पश्चिमेस, पाण्याखालून

समुद्राचा तळ सपाट, वाळूचा असावा अशी आपली साधारण समजूत असते. पूर्वी तो मोजावयाचा तर दोरीला शिशाचे वजन बांधून सोडावे लागे आणि एका मोजणीस काही तास जात. ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजण्याची युक्ती निघाल्यानंतर चित्र पालटले. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. जहाजातून सोडलेला आवाज तळावर आपटून ४ सेकंदांनी परत आला, तर खोली ३,००० मीटर. हे गणित सातवीतील विद्यार्थ्यासही करता येईल.

धरमतरच्या खाडीतून बाहेर पडून पश्चिमेस निघालो, आणि पाणी नाही असे समजून तळावरून चालू लागलो, तर प्रथम शेकडो किलोमीटर अगदी मंद उतार लागतो. पाठ्यपुस्तकांत यास समुद्रबूड जमीन म्हणतात. मुंबईसमोर ती सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. केरळसमोर ती पुष्कळच अरुंद होते. शेवटच्या हिमयुगात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि यातील बराच भाग कोरडा होता. अंबा आणि कुंडलिका या नद्यांना त्या काळी समुद्र गाठण्यासाठी पुष्कळ लांब वाहावे लागत असले पाहिजे. याच उथळ मंचावर, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, १९७४ साली 'सागर सम्राट' वरून केलेल्या वेधनात बॉम्बे हायचे तेल सापडले. ते रायगड जिल्ह्यातच, उरणला नळाने येते. मंचाच्या बाहेरील कडेजवळ, विजयदुर्गापासून शंभरहून काही अधिक किलोमीटरवर, पोवळ्यांचा एक मोठा उंचवटा आहे. त्याचा माथा पाण्याखाली अवघा वीस मीटर आहे. त्याचे नाव आंग्रिया बँक. सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव समुद्राच्या तळावरही आहे, हे अलिबाग-पेणच्या वाचकांस आवडेल.

मंच संपला की खंडान्त उतार सुरू होतो आणि तळ झपाट्याने तीन हजार मीटरपेक्षा खाली जातो. तेथे लक्ष्मी खोरे नावाचा लांबट सखल भाग असून त्याच्या पश्चिमेस लक्ष्मी कटक ही गाळाखाली पुष्कळशी पुरलेली डोंगररांग आहे. ती भूखंडाचाच एक मागे राहिलेला तुकडा असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. खोऱ्याच्या तळावर तीन मोठे सागरी पर्वत ओळीने उभे आहेत. सर चंद्रशेखर वेंकट रामन, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे पहिले संचालक डॉ. पणिक्कर आणि भूशास्त्रज्ञ दा. नो. वाडिया यांची नावे त्यांस देण्यात आली आहेत. २०१५ साली 'जॉयडेस रेझोल्यूशन' या आंतरराष्ट्रीय वेधन-जहाजाने या खोऱ्यात दोन ठिकाणी प्रत्येकी सुमारे १,१०० मीटर खोल छिद्र घेतले. मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक गोव्यातील एका संशोधन संस्थेतील होते आणि मोहीम मुंबई बंदरात समाप्त झाली. वर आलेल्या नमुन्यांत शेकडो मीटर जाडीचा एक विस्कळीत थर आढळला. सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी खंडान्त उतारावरील गाळाचा प्रचंड कडा कोसळून खाली आला होता, त्याचा हा अवशेष. पाण्याखालील या दरडीस शास्त्रज्ञांनी 'नटराज' असे नाव दिले आहे. दरडींची ओळख रायगडकरांना करून देण्याची आवश्यकता नाही, पण समुद्रातही दरडी कोसळतात हे अनेकांस नवे असेल.

याच्या पलीकडे सागरी मैदान आहे. सिंधू नदीने हिमालयातून आणलेला गाळ येथे इतका साचला आहे की खालचे चढउतार झाकले जाऊन तळ अगदी सपाट झाला आहे. आणि मग, किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटरवर, नैऋत्येस तळ पुन्हा चढू लागतो. सह्याद्रीहून कितीतरी लांब अशी ओबडधोबड डोंगररांग पाण्याखाली उभी असते. हीच कार्ल्सबर्ग पर्वतरांग. डेन्मार्कच्या 'डाना' जहाजाच्या १९२८ ते १९३० या काळातील प्रवासात तिचा शोध लागला आणि मोहिमेस द्रव्यसाहाय्य करणाऱ्या संस्थेचे नाव तिला मिळाले. पुढे १९३३-३४ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे माजी संचालक सेमूर सिवेल यांच्या नेतृत्वाखाली 'माबाहिस' या इजिप्शियन जहाजाने तिची अधिक पाहणी केली. डोंगराच्या माथ्यावर लांबच्या लांब घळ आहे. दोन पट्ट एकमेकांपासून दूर जात आहेत, त्याची ती भेग. येथे वर्षाला दोन ते तीन सेंटीमीटर नवा तळ तयार होतो.

दगडातील होकायंत्र

खंडे सरकतात ही कल्पना जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ सालीच मांडली होती. ती कोणी फारशी मनावर घेतली नाही, कारण खंडे सरकविणारी शक्ती कोणती हे त्यांना सांगता येईना. पुढील पन्नास वर्षांत पुरावा आला तो दगडांतील चुंबकत्वातून.

काळ्या पाषाणात लोहाच्या ऑक्साइडचे बारीक चुंबकीय कण असतात. शिक्षकांनी वर्गात हा प्रयोग अवश्य करून पाहावा: पाषाणाची बारीक पूड किंवा नदीतील काळी वाळू कागदावर पसरून खालून लोहचुंबक फिरवावा, काही कण उभे राहून चालू लागतात. लाव्हा तापलेला असताना या कणांना दिशा नसते. सुमारे ५८० अंश सेल्सियसच्या खाली तो निवला म्हणजे त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कणांत कायमची कोरली जाते. दगड हे असे एक गोठलेले होकायंत्र होते. शिवाय होकायंत्राची सुई विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितकी जास्त कलते, त्यामुळे दगडातील कलावरून तो कोणत्या अक्षांशावर निवला हेही काढता येते. १९५० नंतरच्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दख्खनच्या पाषाणाचे नमुने नेऊन तपासले, तेव्हा तो दक्षिण गोलार्धात निवला असल्याचे आढळले. भारत सरकला याची साक्ष भारताच्या दगडानेच दिली.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात. उत्तरेचा दक्षिण होतो. शेवटचा असा पालट सुमारे पावणेआठ लाख वर्षांपूर्वी झाला. नोव्हेंबर १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात 'ओवेन' या ब्रिटिश जहाजाने कार्ल्सबर्ग पर्वतरांगेच्या एका भागाचे चुंबकीय मोजमाप केले. केंब्रिजमधील ड्रमंड मॅथ्यूज आणि त्यांचे तरुण विद्यार्थी फ्रेडरिक व्हाइन यांनी त्याचा अभ्यास केला. पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांस तळाच्या दगडात सुलट आणि उलट चुंबकत्वाचे पट्टे आहेत, असे त्यांनी दाखविले. लुगड्याच्या मधल्या घडीपासून दोन्ही बाजूंस सारखेच पट्टे यावेत तसे हे पट्टे असले पाहिजेत, कारण मधल्या भेगेत जन्मलेला तळ निम्मा इकडे आणि निम्मा तिकडे सरकतो आणि प्रत्येक पट्टा आपल्या जन्मकाळच्या ध्रुवाची खूण घेऊन जातो. सप्टेंबर १९६३ मध्ये हा लेख 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही वर्षांतच जगातील इतर महासागरांतून तसेच पट्टे सापडले आणि भूपट्टांचा सिद्धान्त सर्वमान्य झाला. कोणत्याही शाळेत हा धडा शिकविताना अटलांटिक महासागराचे चित्र दाखविले जाते. पेण-रोह्याच्या शाळेत अरबी समुद्राचे दाखवावे.

चुंबकत्वाच्या मोजणीची एक जुनी जागा तर आपल्या जिल्ह्यातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून ही मोजमापे होत असत. शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले आणि विजेच्या प्रवाहाने मापने बिघडणार हे उघड झाले. वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागची जागा निवडली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी करून सांधा जुळवून घेण्यात आला. मुंबईच्या कुलाब्यातून वेधशाळा निघाली ती त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात येऊन बसली. जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली. अलिबागच्या इमारतीला स्थानिक काळा दगड लावलेला नाही, पोरबंदरचा दगड आणून वापरला आहे. कारण उघड आहे. जो दगड स्वतःच होकायंत्र आहे, त्याच्या भिंतीत होकायंत्राची सूक्ष्म मोजणी कशी व्हावी? ही वेधशाळा चालविणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्य कार्यालयही आज नवीन पनवेल येथे आहे.

तुटीच्या खुणा आणि गावची विहीर

किनारा तुटला त्याच्या खुणा जमिनीवरही स्पष्ट दिसतात. घाटमाथ्यावर लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे आहेत. मुंबईकडे मात्र ते समुद्राकडे दहा-पंधरा अंशांनी कललेले असून पनवेलच्या परिसरात त्यांना दक्षिणोत्तर असा मोठा वाक आलेला आहे. भूशास्त्रात त्यास पनवेलचा वाक असेच म्हणतात. त्याचप्रमाणे या पट्ट्यात लाव्ह्याच्या थरांना छेदून उभ्या राहिलेल्या दगडी भिंती जागोजाग आढळतात. जमीन ताणली जाऊन पडलेल्या भेगांत शिलारस शिरला आणि तेथेच थिजला, त्या या भित्ती. त्यांविषयी १९४९ साली ज्यांनी महत्त्वाचे लेखन केले ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन ऑडेन हे इंग्रजी कवी ऑडेन यांचे बंधू होत. कलाशाखेच्या माणसाला अशा ठिकाणी ओळखीचे नाव भेटले की बरे वाटते.

सह्याद्रीचा उभा कडा हाही त्या तुटीचाच वारसा. पावसाने आणि नद्यांनी तो झिजवीत पूर्वेकडे मागे नेला आहे. मुळशीचे पाणी या कड्यावरून सुमारे पाचशे मीटर खाली आणून १९२७ पासून भिऱ्यास वीज निर्माण केली जाते आणि तेच पाणी पुढे कुंडलिकेतून रोह्यास येते. पालीजवळचे उन्हेरे येथील गरम पाण्याचे कुंड पालघरपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याला समांतर गेलेल्या उन्हाळ्यांच्या ओळीतले आहे. त्याची उष्णता कोणत्याही जिवंत ज्वालामुखीची नाही. पावसाचे पाणी जुन्या भेगांतून खोल जाते, तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते.

पंचायतींच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची खूण म्हणजे भित्ती. कोकणात पाऊस उदंड पडतो, तरी मे महिन्यात विहिरी आटतात, कारण घट्ट पाषाणात पाणी मावत नाही. ते मावते वरच्या सच्छिद्र थरात, विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्यात, आणि भेगांत. उतारावर आडवी गेलेली घट्ट भित्ती ही जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखे काम करते. चढाच्या अंगास पाणी साठते आणि उताराच्या अंगास घेतलेली विहीर कोरडी राहू शकते. उलट भित्तीला भेगा पडलेल्या असतील तर तीच पाण्याची वाट होते. दोन विहिरी शंभर पावलांवर असून एकीस पाणी आणि दुसरीस नाही, याचे कारण अनेकदा असे सहा कोटी वर्षांपूर्वीचे असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकांकडून पाहणी करून घेतल्याशिवाय सार्वजनिक विहिरीची जागा ठरवू नये, हा आग्रह त्यासाठीच असतो. खणून वाया गेलेल्या विहिरीचा खर्च पाहणीच्या श्रमापेक्षा पुष्कळ मोठा असतो, याचा अनुभव सदस्यांना असेलच.

खारेपाटाचा प्रश्न

आता त्या सदस्यांच्या प्रश्नाकडे वळू. कोकण किनारा पट्टाच्या मध्यभागी पडतो, सीमेवर नाही. भूखंड आणि समुद्रतळ येथे एकाच पट्टाचे भाग असून एक दुसऱ्याखाली जात नाही, म्हणून जपान वा सुमात्राप्रमाणे आपल्या किनाऱ्याला गर्ता नाही. याचा अर्थ भूकंप होणारच नाही असा कोणी घेऊ नये. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पट्टाच्या अंतर्भागातच झाले. परंतु समुद्र ढवळून काढणारे फार मोठे भूकंप बहुतेक गर्तांजवळ होतात. २६ डिसेंबर २००४ ची सुनामी सुमात्राच्या गर्तेतून उठली.

अरबी समुद्रातही अशी एक जागा आहे. पाकिस्तान व इराणच्या किनाऱ्यासमोर, मकरान येथे अरबस्तानचा पट्ट उत्तरेच्या पट्टाखाली जातो. गाळाने भरून गेल्यामुळे तेथील गर्ता नकाशावर खोल दिसत नाही आणि त्यामुळेच ती दुर्लक्षिली जाते. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तेथे सुमारे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची सुनामी सकाळी आठच्या सुमारास मुंबईस पोहोचली. लाटेची उंची सुमारे दोन मीटर होती आणि किनाऱ्यावरील काही माणसे वाहून गेली.

मधले चार ते पाच तास कशात गेले, हे समजून घेण्यासारखे आहे. सुनामीची गती पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सातशे किलोमीटर जाते, विमानासारखी. पंचाहत्तर मीटर खोल पाण्यात ती ताशी शंभर किलोमीटरच्याही आत येते. आपल्यासमोरची तीनशे किलोमीटर रुंदीची समुद्रबूड जमीन तिला बराच काळ थोपवून धरते. केवळ हा मंच पार करण्यास तिला काही तास लागतात. मात्र उथळ पाण्यात गती कमी होते तशी लाटेची उंची वाढते, आणि निमुळत्या खाडीत पाणी आणखी चढू शकते.

बाहेरकाठा हा भरतीच्या, फार तर उधाणाच्या हिशेबाने घातलेला मातीचा बांध आहे. उधाणाचे पाणी चढते आणि सहा तासांत उतरते. उघाडीच्या झडपा त्या तालावर चालतात. सुनामीत एकामागून एक लाटा अनेक तास येत राहतात, पहिलीपेक्षा दुसरी किंवा तिसरी मोठी असू शकते आणि मध्ये पाणी खूप मागे हटते. पाणी ओसरले म्हणून बांध पाहावयास अथवा उघड्या पडलेल्या चिखलात मासे धरावयास जाणे प्राणघातक ठरते. उधाणाच्या भरतीशी तिची गाठ पडली तर बांधास खांड जाणार हे धरूनच चालावे. तेव्हा बांध टिकेल काय, या प्रश्नाचे उत्तर 'त्यावर विसंबू नये' असे आहे.

विसंबावयाचे ते त्या चार तासांवर. १९४५ साली मकरानहून निरोप येण्याची कोणतीही सोय नव्हती. ऑक्टोबर २००७ पासून हैदराबाद येथे भारताचे सुनामी पूर्वसूचना केंद्र कार्यरत असून भूकंपानंतर काही मिनिटांत त्याचा इशारा राज्य आणि जिल्हा प्रशासनास पोहोचतो. तो इशारा रात्री दोन वाजता आला तर गावात तो कोणी घ्यावयाचा, खाडीत गेलेल्या होड्यांना कोणी कळवावयाचे, म्हाताऱ्या माणसांना आणि गुरांना प्रथम कोठे न्यावयाचे, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहिलेले असावयास हवे. खारेपाटातील बहुतेक गावांपासून पेणच्या डोंगरपायथ्यापर्यंतची वाट पायी दोन-तीन तासांची आहे.